न दिसणाऱ्या पाटीचा मालक कोण?

सिंहगड घेतल्याची बातमी राजगडावर प्रथम पोहोचली ती कोणा माणसाच्या तोंडून नव्हे, उजेडाने. फेब्रुवारी १६७० मधल्या त्या रात्री किल्ला हाती येताच मावळ्यांनी गडावरच्या पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आले आहे. दोन गडांमधले अंतर सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. एवढ्या लांबून आगीला बोलता येते ते एकच वाक्य. गड घेतला, हे तिने सांगितले. तानाजी पडला, हे ती सांगू शकली नाही. ते नंतर जासुदाने येऊन सांगितले. उजेडाचा अर्थ उजेडात नसतो, तो आधी ठरलेला असतो किंवा मागाहून दुसऱ्या कोणाकडून कळून घ्यावा लागतो.

हे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत जगभरच्या शहरांनी नेमका हाच प्रयोग विजेच्या साहाय्याने करून पाहिला आणि त्यात बऱ्यापैकी हात पोळून घेतले. या नव्या शेकोटीचे नाव बीकन. काड्यापेटीएवढी किंवा त्याहूनही लहान प्लास्टिकची डबी, आत नाण्याएवढी बॅटरी आणि एक चिप. ही डबी भिंतीला किंवा खांबाला चिकटवली की ती ब्लूटूथच्या लहरींवर दर सेकंदाला एकदा-दोनदा एक छोटासा संदेश सोडत राहते. आसपासच्या दहा-वीस, फार तर पन्नास-साठ मीटरमधल्या मोबाइलला तो ऐकू येतो. ब्लूटूथची कमी वीज खाणारी जात २०१० मध्ये आली, तेव्हापासून अशी डबी एका बॅटरीवर वर्ष-दोन वर्षे चालवणे शक्य झाले.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ही डबी आपली माहिती 'खेचून' घेते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. साधी बीकन डबी बहिरी असते. ती फक्त ओरडते, ऐकत नाही. रस्त्याने कोण गेले हे तिला ठाऊक नसते, जसे सिंहगडावरच्या आगीला ठाऊक नव्हते की राजगडावर कोण जागे आहे. ऐकतो तो आपल्या खिशातला मोबाइल. आणि आपण कोणत्या डबीजवळून, किती वाजता गेलो हे त्या मोबाइलमधली अ‍ॅप कोणाला कळवतात, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊच.

२०१३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने 'आयबीकन' आणले. त्याची डबी नुसता एक क्रमांक ओरडत असे. त्या क्रमांकाचा अर्थ लावायला त्या-त्या दुकानाचे अ‍ॅप मोबाइलवर हवे. दुकानाच्या दारात उभे राहून आधी दुकानाचे अ‍ॅप उतरवून घ्या, असा हा मामला. गूगलने २०१४ च्या ऑक्टोबरात याहून मोकळी कल्पना मांडली आणि तिला 'फिजिकल वेब' असे नाव दिले. डबीने क्रमांक न सांगता सरळ संकेतस्थळाचा पत्ताच सांगायचा. बसथांब्यावर उभे राहिलात की थांब्याचे पान, संग्रहालयातल्या मूर्तीसमोर उभे राहिलात की मूर्तीचे पान. वेगळे अ‍ॅप नको, नोंदणी नको. जी वस्तू समोर आहे तिची माहिती तिच्याच जवळ, आणि ती सर्वांना सारखी. कल्पना खरोखर चांगली होती, आणि तिच्यामागची वृत्तीही सार्वजनिक होती असे म्हणावे लागेल. २०१५ च्या जुलैत या डब्यांच्या बोलीला गूगलने 'एडिस्टन' हे नाव दिले आणि ती कोणालाही वापरायला खुली केली.

नाव घेतले होते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका प्रसिद्ध दीपगृहाचे. नाव ठेवणाऱ्यांनी त्या दीपगृहाचा इतिहास वाचला होता की नाही कोण जाणे. एडिस्टनच्या खडकावरचे पहिले दीपगृह १६९८ मध्ये उजळले आणि १७०३ च्या वादळात, बांधणाऱ्यासकट, वाहून गेले. गूगलचे एडिस्टन तेवढेही टिकले नाही. ६ डिसेंबर २०१८ पासून अँड्रॉइड मोबाइलवर या डब्यांचे संदेश दाखवणे कंपनीने बंद केले. कारण तिनेच सांगितले होते: त्या जागेशी संबंध नसलेले आणि निव्वळ जाहिरातबाजीचे संदेश फार वाढले होते. ज्याच्याकडे थोडे पैसे आणि चिकटपट्टी आहे त्या कोणालाही डबी लावता येत होती. थांब्याच्या डबीपेक्षा पलीकडच्या दुकानाची, दुकानापेक्षा कर्ज देणाऱ्याची डबी जास्त उत्साही. लोक वैतागले आणि त्यांनी ब्लूटूथच बंद ठेवायला सुरुवात केली.

तंत्र नापास झाले असे यावरून कोणी म्हणेल. पण तंत्रात तसे काही बिघडले नव्हते. बिघडले ते एवढेच, की ही एक पाटी होती आणि ती कोणी लावली हे पाहणाऱ्याला दिसत नव्हते.

पाट्यांविषयी पुण्याने बोलायचे नाही तर कोणी? पुणेरी पाटीची थट्टा पुष्कळ झाली आणि पुणेकरांनीही ती मिशीतल्या मिशीत हसून घेतली. परंतु त्या पाटीचा एक गुण थट्टेत हरवला. पाटी कितीही तिखट असो, ती लावणारा पाटीच्याच मागे राहत असतो. मजकूर पटला नाही तर दाराची घंटा वाजवून (दुपारी एक ते चार सोडून) विचारता येते. शिवाय ती साऱ्या आळीला एकच मजकूर दाखवते. तुम्हाला एक आणि मला दुसरा, असा भेद ती करत नाही. कोणी वाचली याची नोंद ठेवत नाही. खांबाखांबावर चढणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल आपण सगळेच करवादतो, पण तो निदान दिसतो. दिसतो म्हणून तक्रार होते, आणि तक्रार झाली की कधी ना कधी उतरतो. न दिसणारा फ्लेक्स कोण उतरवणार?

न्यूयॉर्कला हा प्रश्न फार लवकर पडला. तिथल्या मॅनहॅटन भागातल्या टेलिफोन बूथांवर जाहिरातींचे कंत्राट असलेल्या एका कंपनीने सुमारे पाचशे बीकन बसवले होते. बूथ सार्वजनिक जागेतले. पण नागरिकांना याचा पत्ता नव्हता, चर्चा नव्हती, नोटीस नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये वार्ताहरांनी ते उघडकीला आणले आणि महापौरांच्या कार्यालयाने त्या काढून टाकायला सांगितल्या. डब्या बहिऱ्याच होत्या, हे खरे. पण त्या ओळखणारी अ‍ॅप ज्यांच्या मोबाइलमध्ये होती, त्यांचा माग बूथामागून बूथ लावता आला असता. दुकानात आपण आपल्या पायाने जातो. रस्ता सगळ्यांचा असतो. तिथली डबी कोणी, कशासाठी लावली हे विचारण्याचा हक्क चालणाऱ्याला असलाच पाहिजे, एवढे त्या शहराला उमगले.

आपल्या देशातही एकदा पुष्कळांच्या खिशातला मोबाइलच बीकन झाला होता. २ एप्रिल २०२० रोजी आलेले 'आरोग्य सेतू' ब्लूटूथवरूनच कोण कोणाजवळ होते ते टिपत असे. तो साथीचा काळ होता, म्हणून लोकांनी ते मानले. पण इमारतीच्या दारात पहारेकऱ्याला मोबाइल दाखवून आत जाण्याचे ते दिवस अनेकांच्या लक्षात असतील. नागरिकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात झाला तो त्यानंतर, २०२३ मध्ये.

आता कोणी म्हणेल, गूगलच्या डब्या गेल्या, प्रश्न संपला. संपलेला नाही, त्याने फक्त रूप बदलले. आज पुण्यात मंडईतल्या भाजीवालीच्या टोपलीपासून रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत आणि मेट्रोच्या तिकिटापासून लग्नपत्रिकेपर्यंत जो काळापांढरा चौकोन दिसतो, तो क्यूआर कोड बीकनचाच थोरला भाऊ आहे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद करण्यासाठी तो निघाला. (मोटारींच्या कारखान्यांचे शहर म्हणून पुण्याला याचे विशेष वाटायला हरकत नाही.) काम तेच: स्वतः काही न सांगता मोबाइलला कुठेतरी धाडायचे. बरा एवढ्यासाठी की तो दिसतो आणि आपण मोबाइल पुढे केल्याशिवाय बोलत नाही. पण तो कुठे धाडणार आहे, हे चौकोनाकडे पाहून कोणाही माणसाला वाचता येत नाही. पाटी दिसते, मजकूर दिसत नाही.

याचा गैरफायदा घेणारे निघालेच. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला चोरट्यांनी रातोरात अनेक दुकानांच्या कोडवर आपले कोड चिकटवले. गिऱ्हाईक पैसे देत होते, ते भलत्याच खात्यात जात होते. गल्ल्यावरचे यंत्र पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगते म्हणून बरे. ते गप्प राहिले की दुकानदार मान वर करून पाहतो. संग्रहालयाच्या किंवा वाड्याच्या भिंतीवरच्या कोडला असे बोलणारे यंत्र नसते. तिथे कोणी दुसरा कागद चिकटवला तर तो किती महिने तसाच राहील?

याच चौकोनाचा एक चांगला, जबाबदार वापर आपल्याच राज्यात झाला आहे आणि तो वाचकांच्या रोज डोळ्यांसमोर असतो. घरांच्या जाहिराती पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रत्येक गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे सक्तीचे केले. न छापल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. मर्म असे की हा कोड बिल्डर बनवत नाही, महारेरा देते. त्यावर मोबाइल धरला की बिल्डरचे गुलाबी चित्र उघडत नाही. प्रकल्पाच्या नोंदणीचे सरकारी पान उघडते. नोंदणी कधीची, मुदत कधी संपते, आराखड्यात काय बदल झाले, तक्रारी आहेत का, हे तिथे पाहता येते. आयुष्याची पुंजी घालून वाघोलीला किंवा हिंजवडीला दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाला या बोटभर चौकोनाने जेवढे बळ दिले, तेवढे जाहिरातीतल्या पानभर हिरवळीने कधी दिले नव्हते. कोड कोणी दिला, तो कुठे नेणार आणि खोटा निघाला तर कोणाला जाब विचारायचा, या तिन्हींची उत्तरे येथे ठरलेली आहेत.

मग हीच शिस्त शहराच्या भिंतींना का नको?

शनिवारवाड्याचेच घ्या. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत, १८२८ मध्ये आग. एवढ्या तारखा दगडी फलकावर मावतात. पण रविवारी आईबापांबरोबर आलेले दहा वर्षांचे पोर तारखा विचारत नाही. ते विचारते, दाराला एवढे मोठे खिळे कशाला? त्याचे उत्तर आहे: दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तींनी धडक देऊ नये म्हणून आहेत. हजारी कारंज्यात पाणी कुठून येई, आत वाडा होता तर आता नुसती जोतीच का, नारायणरावांना १७७३ मध्ये कोणी आणि का मारले, हे ते विचारते. वडील मोबाइल काढतात आणि महाजालावर शनिवारवाडा शोधतात. बहुधा आधी निघतात त्या भुताच्या गोष्टी. येथे योग्य पानाकडे नेणारी खूण भिंतीवर असती तर त्या पोराची दुपार वाया गेली नसती. राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यातल्या थोड्याच मांडता येतात. दिनकर केळकरांनी एकेक अडकित्ता, एकेक दिवा कुठल्या गावाहून, कुणाकडून मिळवला ही हकीगत कपाटाखालच्या चार बोटांच्या चिठ्ठीवर कशी बसावी?

मात्र खूण लावणे सोपे, पान लिहिणे कठीण. आणि पान कोणत्या भाषेत? येथे त्या गूगलच्या डब्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. एका संदेशात पत्त्यासाठी जागा होती अवघी सतरा बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-वेलांटीसकट, तीन-तीन लागतात. 'शनिवारवाडा' हा शब्द आपल्या लिपीत लिहायला तीस बाइट हवेत. म्हणजे शनिवारवाड्याच्या दारात लावलेल्या डबीला शनिवारवाड्याचे नाव मराठीत घेता आले नसते. यावर तोड म्हणून पत्ते आखूड करून घेण्याची सोय होती, आणि आखडलेला पत्ता नेमका कुठे नेतो हे पुन्हा वाचणाऱ्याला कळत नाही.

दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत असाव्यात म्हणून राज्याने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या. पण त्याच पाटीखाली चिकटवलेला कोड उघडला की आत सारे इंग्रजी. पाटीचे दर्शनी अंग मराठी आणि पोट परके, ही पळवाट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

वेल्समधल्या मोनमथ या छोट्या गावाने २०१२ मध्ये एक वेगळी वाट दाखवली. गावातल्या इमारतींवर आणि वस्तूंवर त्यांनी कोडचे फलक लावले. त्यावर मोबाइल धरला की मोबाइलची भाषा ओळखून विकिपीडियावरचा त्याच भाषेतला लेख उघडतो, असल्यास. सारे मर्म या 'असल्यास'मध्ये आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, विश्वकोशही आता महाजालावर वाचता येतो. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच शहरात आहे, डेक्कन कॉलेज आहे, पेठांची गल्ली न् गल्ली पायाखाली घातलेले अभ्यासक आहेत. सामग्री आहे, जाणकार आहेत. त्यांना मानधन देऊन, एकेका वास्तूवर घरातल्या सर्वांना वाचता येतील अशी दोन-दोन पाने लिहवून घेणे एवढेच राहिले आहे. त्याला चिप लागत नाही. ते काम निविदेत बसत नाही, उद्घाटनाची फीत त्याला बांधता येत नाही, म्हणून ते राहिले असावे.

तरी बीकन अजिबात निरुपयोगी ठरवू नये. एक जागा अशी आहे जिथे क्यूआर कोडही कुचकामी आणि पाटीही. ज्याला दिसतच नाही त्याने चौकोन कुठे आहे हे शोधायचे कसे? लंडनच्या पिम्लिको भुयारी स्थानकात २०१५ मध्ये अंध तरुणांच्या सहभागाने याची चाचणी झाली. बीकनच्या खुणांवरून मोबाइल कानात सांगत होता: पुढे सरकता जिना आहे, डावीकडे वळा. जमिनीखाली उपग्रहाचे संदेश पोहोचत नाहीत, म्हणून तिथे नकाशाचे अ‍ॅप आंधळे होते आणि ही बहिरी डबी कामाला येते.

पुण्यात भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली २९ सप्टेंबर २०२४ पासून. जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. फलाटावर पायाला कळणाऱ्या पिवळ्या फरश्या आहेत, उद्वाहनात ब्रेल आहे, ते योग्यच. पण दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात अशा त्या पाताळात उतरलेल्या अंध प्रवाशाला वनाजकडची गाडी कुठल्या जिन्याने, हे फरशी सांगत नाही. डोळस माणसेही तिथे चुकतात. आजी-आजोबांना घेऊन गेलेल्यांना विचारा. शहरात बीकन लावायचेच असतील तर पहिले तिथे लागावेत, आणि अंध विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्याकडून तपासून घेऊन मगच लागावेत.

लावल्यावर मात्र त्यांची नोंद हवी. समुद्रावरच्या दिव्यांची अशी नोंद असते: कोणत्या खडकावरचा दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो, हे छापील यादीत असते आणि तांडेल-कप्तान ती पाहून आपण कुठे आहोत ते ताडतात. कोणीही उठून आपल्या गच्चीवर दीपगृह पेटवू शकत नाही. रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवरही क्रमांक रंगवलेले असतात, दिवा गेला तर तो क्रमांक सांगून तक्रार करता येते. महापालिकेने सार्वजनिक जागेतल्या प्रत्येक बीकनला आणि प्रत्येक कोडला असाच क्रमांक द्यावा. तो कोणी लावला, कोणत्या पानाकडे नेतो, ते पान मराठीत आहे की नाही, आणि बिघडल्यास फोन कोणाला करायचा हे त्याच्याशेजारी, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत लिहावे. यादीत नसलेली डबी सापडली तर ती अनधिकृत फ्लेक्स समजून उतरवावी.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती अशा योजनांच्या कागदांत सहसा सापडत नाही. एडिस्टनच्या खडकावर १९८२ पर्यंत दिवा सांभाळणारी माणसे मुक्कामाला होती. या डबीतली नाण्याएवढी बॅटरी वर्षा-दोन वर्षांत संपते, आणि संपली हे कोणालाच कळत नाही, कारण डबी चालू असतानाही गप्पच दिसते. मंडई स्थानकाच्या जिन्यावरची बॅटरी बदलायला शिडी घेऊन कोण जाणार, मेट्रोचा माणूस, महापालिकेचा की कंत्राटदाराचा, हे डबी विकत घेण्याच्या आधी लिहून ठेवावे.